गाडी अजून जायची होती

मंडळी, दुपारची मालगाडी रवाना करून तुम्ही सगळे इथं धक्क्यावर जमलात. हमाल आलेत, स्टेशनमास्तर आलेत, आणि माकणीहून सोपानरावांच्या घरच्या आल्यात. मला म्हणाले, मास्तर, तुम्ही दोन शब्द बोला. जन्मभर वर्गात कविता शिकवल्या, म्हणून बोलता येईल असं वाटलं असेल. नाही येत, मंडळी. आज नाही येत.

सोपानराव गार्ड तापानं गेले. दुःख आहेच. पण मघापासून मला त्या टेबलाकडं बघवत नाही, ते दुःखानं नव्हे. लाजेनं.

तुम्ही तो फोटो जवळून पाहिलात का? हार घातलाय, उदबत्ती लावलीय, आणि फोटो आहे मालगाडीचा. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "हार गार्डाला हाय का इंजिनाला?" ऐकलं मी. रागावलो नाही. कारण तो फोटो मीच काढलाय.

मेहुण्याचा कॅमेरा सुट्टीपुरता माझ्याकडं आला होता, त्या वर्षीची गोष्ट. मला आपल्या छोट्या मालगाडीचं भारी वेड. रामलिंगच्या घाटात ती धापा टाकत चढते, तेव्हा मला शाळेतल्या सगळ्या कविता आठवायला लागतात. सोपानरावांना कळलं, मी फोटो काढायला घाटात जाणार. आदल्या दिवशी ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, माझा बी एक घ्या की. गावाकडं धाडायचा हाय. घरची इचारती, गाडी इंजिन वढतंय, मग तुम्ही मागं बसून काय करता?"

मी हसलो. घेतो म्हणालो.

"माझा डबा समद्यात मागं असतो बरं का. घाई करू नका."

घाई करू नका! एवढंच सांगितलं होतं हो माणसानं.

वळणाच्या आतल्या अंगाला, लिंबाखाली बसलो. सोबत भुईमुगाच्या शेंगा. दुपारभर गाड्या बघितल्या. कापसाच्या गाठी गेल्या, ज्वारीची पोती गेली. वर जाणारी काढली, खाली येणारी काढली. रोलात एकच फोटो उरला, तो सोपानरावांसाठी ठेवला. खरंच ठेवला होता, मंडळी.

मग त्यांची गाडी आली. उन्हं कलली होती, धूर सोन्यासारखा झाला होता, इंजिन वळणावर असं काही वाकलं, की माझं बोट माझं राहिलं नाही. दाबलं. आणि शेंगा सोलत स्वतःशीच म्हणालो, झालं, गेली गाडी.

कुठं गेली होती? डब्यामागं डबा अजून येत होता. सगळ्यांत शेवटी सोपानराव. पांढरा कोट धुऊन घातलेला, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, टोपी सरळ. पायरीवर ताठ उभे, काखेत हिरवं निशाण. कॅमेरा माझ्या मांडीवर, तोंडात शेंगदाणे. ते माझ्यापुढून तसेच ताठ गेले. पार वळण संपेपर्यंत ताठ.

कवितेची शेवटची ओळ वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नका, असं मुलांना बजावणारा मी!

दुसऱ्या दिवशी भेटले. मला वाटलं, चिडतील. हसून म्हणाले, "मास्तर, गाडी अजून जायची व्हती. मी राहिलो व्हतो." वर मलाच धीर दिला, "असू द्या, फुडच्या खेपंला."

पुढची खेप आली नाही. कॅमेरा परत गेला. पण मेहुण्याकडं पुन्हा मागायला काय झालं होतं मला? मी नंतर त्या धुरावर कविता केली. सोपानरावांनाच वाचून दाखवली. ते व्वा म्हणाले. कुठल्या तोंडानं वाचली मी?

फोटो धुऊन आला, तेव्हा त्यांनीच तो उन्हात धरून बघितला आणि ओरडले, "ह्यो बगा मी! तिळायेवढा!" वळण होतं ना, म्हणून गाडीचं शेपूट कोपऱ्यात आलं होतं. तोच त्यांनी घरी पाठवला. स्वतःचा दुसरा फोटो त्यांनी कधी काढून घेतलाच नाही. वहिनी आज तो पदरात गुंडाळून घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "मास्तर, ह्यात ते कुठं हायती, तेवढं दावा. त्येंनी दावलं व्हतं. आता मला दिसंनात."

मी त्यांना न दाखवताच इथं येऊन उभा राहिलो. आणि आपण हार घातला तो नेमका त्या कोपऱ्यावर.

स्टेशनमास्तर, तो हार जरा सरकवा. आणखी थोडा. हां.

वहिनी, पुढं या. इंजिनाकडं बघू नका. मी बघितलं, तेवढं पुरे झालं. धुराखालून मागं मागं या. शेवटचा डबा. त्याच्या पायरीवर पांढरं काही दिसतं? ते सोपानराव. तुमच्यासाठीच उभे आहेत.

मंडळी, आपणही दोन मिनिटं उभं राहू या. आणि एक विनंती. मान लवकर वर करू नका, चपला शोधू नका. शेवटचा डबा जाऊ द्या.