वामनरावांची सागवानी सीलिंग

आमच्या शेजारच्या वामनरावांनी सीलिंग केली ते ऐकायचं असेल, तर आधी चहा संपवा, नाहीतर अंगावर सांडाल.

पोरीला पाहायला कळमेश्वरचे पाहुणे येणार आणि बैठकीच्या खोलीवर छप्पर म्हणून नुसती उघडी टिनं! वामनरावांनी संत्र्याच्या जुन्या पेट्या फोडून त्यांच्या फळ्यांची सीलिंग ठोकून घेतली. व्यापाऱ्यांचे ठप्पे वरच्या बाजूला ठेव, असं सुताराला दहादा बजावलं. मी गुपचूप एक फळी उलटी लावायला लावली, नेमकी पाहुण्यांच्या खुर्चीच्या वर.

पाहुणे बसले.

"अस्सल सागवान हाये," वामनराव म्हणाले.

मुलाच्या बापाने मान वर केली. "सागवान? हा तं माह्याच दुकानाचा ठप्पा हाये!"

वामनराव पांढरेफटक. मीही हादरलो. पोरीचं जुळणारं लग्न माझ्या मस्करीने मोडणार!

पाहुणे मात्र पोट धरून हसले. "काहून घाबरून राहिले? छत आमच्याच पेट्यांचं, आता पोरगीही आमचीच!"

लग्नात मी आहेर म्हणून संत्र्याची पेटी दिली. वामनरावांनी संत्री जावयाकडे पाठवली, पेटी ठेवून घेतली.

म्हणाले, "सैपाकघराची सीलिंग बाकी हाये गा!"