यांना बाहेर काढा

— हृदयच, ताई. आणखी काय असणार? डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, अध्यक्षांनी तसं सभागृहात सांगितलंय, सगळे मान खाली घालून उभे राहिले, मंत्रीसुद्धा राहिले — मी दारातच होतो, पाहिलं ना. आता उद्या ती चौकशी समिती तुम्हाला विचारणार, घरच्यांची काही तक्रार आहे का. नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. वडील गेले ते काही परत येणार आहेत का? — ती खुर्ची नको, तिचा पाय लुळा आहे, आमच्याच एकाने मोडली. ही घ्या. मार्शलांची खोली म्हणजे अशीच, बूट, टोप्या आणि घामाचा वास. तुमच्या वडिलांचं सामान मी वेगळं काढून ठेवलंय. हा चष्मा, काच एकच राहिलीय. हा रुमाल. हा बूट — एकच आहे, दुसरा पायात होता, तो दवाखान्यात मिळेल. हा बाकाखाली गेला होता, झाडणाऱ्या बाईला सापडला. मी पुसून ठेवलाय.

तुमच्या वडिलांना माझ्याइतकं कोणी ऐकलं नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तुमच्या आईनंही नसेल ऐकलं. सभासद काय, येतात, तोंड दाखवतात, चहाला जातात. आम्हाला दार सोडता येत नाही. साहेब बोलायला उठले की मी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायचो, म्हटलं आता तासभर सुटका नाही. आणि विषय कुठला? कुठलाही. देशातला असो, बाहेरचा असो, त्यांना सगळ्यात बोलायचं असायचं. सकाळी तुरुंगाच्या विधेयकावर — कैद्याला ओल्या पोत्यात गुंडाळून कसं मारतात, म्हणजे वळ उठत नाहीत, आतलं आत सगळं फुटतं, हे असं सांगितलं की समोरच्या बाकावरच्या एक बाई तोंडाला पदर लावून उठून गेल्या — आणि दुपारी परराष्ट्र खात्याच्या चर्चेत पुन्हा हेच उभे, की पलीकडच्या हुकूमशहाला आपण ज्या बंदुका विकल्या त्या कोणाच्या पोटात रिकाम्या झाल्या ते सांगा. मंत्री पाणी पीत बसायचे. कारखान्याच्या फाटकावर गोळीबार झाला तेव्हा तर मेलेल्या कामगारणीची चप्पल घेऊन आले सभागृहात, रक्त वाळून कडक झालेली, आणि सरळ जाऊन गृहमंत्र्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, "तुमच्या घरात कोणाच्या मापाची आहे का बघा." झालं. पेपरवेट उडाले, माईकच्या दांड्या उपटल्या, एका सभासदाचा कान फाटून लोंबायला लागला, मला इथं भुवईवर टाके पडले — ही खूण बघा — आणि वरून घंटा, आणि अध्यक्षांचं ते नेहमीचं, यांना बाहेर काढा. यांना म्हणजे कोणाला, हे आम्ही कधी विचारलंच नाही. सरळ तुमच्या वडिलांकडे जायचो.

उचलायचीसुद्धा एक रीत असते, ताई. लोकांना वाटतं धरलं आणि फरफटत नेलं. तसं नसतं. चौघं लागतात. दोघं पायांकडे, एक कमरेला, आणि डोक्याकडे मी, कारण तालमीत तयार झालेले हात माझे. मागून काखेत हात घालायचे, छातीवर कैची मारायची आणि मानेला हात लावायचा नाही. कधीच नाही. नवा मार्शल आला की मी आधी हेच शिकवतो, माणूस सभासद आहे, चोर नाही. सभासद अंग सैल सोडून देतो, मग तो असा जड होतो की सिमेंटचं पोतं परवडलं. साहेब तर आडवे झाले तरी बोलत राहायचे, उरलेलं भाषण छताकडे बघून पुरं करायचे, मध्येच मला म्हणायचे, "पहिलवान, कंबर सांभाळ — तुझी नाही, माझी." मला पहिलवानच म्हणायचे. व्हरांड्यात नेऊन ठेवलं की कपडे झटकायचे, माझ्याच खांद्याला धरून बूट सारखे करायचे आणि विचारायचे, मुलगा काय म्हणतो, पत्र येतं का? सैन्यात होता ना माझा मुलगा.

हो, त्या टेकडीवरच्या ठाण्यात. तुम्हाला माहीत आहे म्हणजे. घरी बोलले असतील. — पदक दिलं त्याला. तसंच नाही दिलं, संरक्षणमंत्र्यांनी उभं राहून वाचून दाखवलं, शेवटची गोळी संपेपर्यंत या मुलांनी ठाणं सोडलं नाही, संगिनीनं लढले, हातघाईवर आले, मग पडले. मी दारात ताठ उभा. सगळं सभागृह वळलं आणि माझ्याकडे बघायला लागलं. इतकी वर्षं मी त्या दारात उभा आहे, दाराकडे कोणी बघितलं नव्हतं हो. सत्ताधारी बघत होते, विरोधी बघत होते, वर गॅलरीतले लोक बघत होते. तुमचे वडील तेवढे बघत नव्हते. मान खाली घालून बोटं मोडत बसले होते. मला राग तेव्हाच आला होता, खोटं कशाला बोलू.

आता त्या दिवसाचं म्हणाल तर लपवण्यासारखं काय आहे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालंय. सीमेवरच्या लढाईची चर्चा होती. सरकारला आणखी सैन्य पाठवायचं होतं, साहेब विरोधात. बोलता बोलता आवाज खाली आणला. नेहमी चढवायचे, त्या दिवशी खाली आणला, म्हणजे सगळ्यांनी ऐकावं. म्हणाले, "त्या टेकडीवर शत्रू आलाच नव्हता. ती मुलं आपल्याच तोफांनी मारली. ती लढताना मेली नाहीत, अंथरुणात मेली." असं म्हणाले. माझ्यासमोर. मी तिथे उभा आहे हे माहीत असून. मग जो काही दंगा उसळला — बाकं ओलांडून लोक आले, कोणी त्यांची कॉलर धरली, कोणी थुंकलं, तुमच्या वडिलांचा चष्मा तेव्हाच फुटला, तो आमच्याकडून नाही, हे समितीला सांगा हं. अध्यक्ष म्हणाले, यांना बाहेर काढा. म्हणाले असतील. मी ऐकायला थांबलो नाही, मी निघालोच होतो.

उचललं. चौघांनीच उचललं, रीतसर. आमच्याकडे बाकांच्या मधून वर दारापर्यंत पायऱ्या आहेत, उलटं चढावं लागतं मला. आणि ते बोलतच होते. छताकडे बघून, नेहमीसारखं. "त्या ठाण्यावर," म्हणाले, "एका बापाचा —" आणि मला कळलं, आता हा माणूस नाव घेणार. माझ्या पोराचं नाव घेणार आणि अंथरुणात मेला म्हणणार, त्या सगळ्या लोकांसमोर. हात जरा वर सरकला माझा. ओझं घेऊन पायऱ्या चढताना सरकतो, कोणाचाही सरकेल. मग आवाज बंद झाला आणि ते माझ्या दंडावर थापा मारायला लागले, आणि —

कसल्या थापा? काही नाही. आमचं आपसातलं होतं. फार वर्षांपूर्वी ठरलेलं. दंडावर दोन थापा म्हणजे पुरे, खाली ठेव, आता मी चालत येतो. वय झालं होतं ना त्यांचं. मी लगेच ठेवायचो, नेहमी. त्या दिवशी गोंधळ किती होता, कोण कुठं हात मारतंय ते — दोन? नाही, दोन नाही, बऱ्याच मारल्या. मग थापा राहिल्या आणि नखं लागली. ही बाही वर नाही करत मी, राहू द्या. कमरेला होता तो ओरडला, सोडा, साहेब निळे पडलेत. मला कळलं का, म्हणजे काय विचारता? हाताला सगळं कळतं, ताई. घशातलं ते हाड हातातून घसरलं की कळतं. माझ्या हातांना कळलं नसतं तर कोणाला? पण दार आलं नव्हतं अजून. दाराच्या आत सोडायचं नाही, असा नियम आहे.

— रडू नका. म्हणजे रडा, पण असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला बापाचं वाटतं तसं मला पोराचं वाटत नसेल का? खोटं बोलत होते ते. अंथरुणात म्हणे. पोराला आणलं त्या पेटीवर शिक्का होता, उघडू नका म्हणून सांगितलं होतं, सोबत आलेला अधिकारी गेल्यावर मी पहारीनं उघडली. बाप आहे मी. घरात मी आणि बायको, तिसरं कोणी नाही. पायात मोजे होते त्याच्या. लोकरीचे, त्याच्या आईनं विणलेले. बूट नव्हते. खाली मोजे होते आणि गुडघ्याच्या वर — गुडघ्याच्या वर घोंगडीच होती नुसती, मांसात शिवल्यासारखी गेलेली, कुठे घोंगडी संपते नि कुठे पोरगा सुरू होतो ते कळेना. बायकोनं हातानं वेगळं करायला घेतलं, मी तिला मागे ओढली. बूट घाईत राहिले असतील. रात्री हल्ला झाला की माणूस तसाच उठतो आणि लढतो, मोज्यांवर लढतो, का नाही लढणार? आणि हे आम्ही कोणाला सांगितलं नाही. तोंडातून अक्षर काढलं नाही. मग अंथरुणाचं त्यांना कुठून कळलं? दिलं अंदाजानं ठोकून. तेच म्हणतोय मी, माझ्या पोराचं मरण आणि ह्यांनी अंदाजानं —

काय? कोण आलं होतं? तुमच्या घरी?

माझी बायको कशाला येईल तुमच्या घरी. ती बाजाराशिवाय कुठं जात नाही. — हिरवी शाल, हो, आहे तिच्याकडे. हो, बोलताना डोळे मिटते. — तिनं सांगितलं? मोज्यांचं? तीच म्हणाली, बोला म्हणून? नाव घेऊन बोला, म्हणाली?

आणि साहेब काय म्हणाले? — आधी पहिलवानाला विचारतो. — हं. मग ती? — त्यांना नका विचारू, ते ऐकायचे नाहीत. ते दारात उभे असतात, तिथंच ऐकू देत.

असं म्हणाली.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो तर ती उंबऱ्यातच उभी होती. म्हणाली, आज त्यांचं भाषण झालं का पुरं? मी म्हटलं, नाही, मध्येच बंद पाडलं. कोणी? म्हणाली. मी असा ताठ झालो आणि सांगितलं, मी.

चष्मा घ्या. रुमाल घ्या. बूट पिशवीत घाला, असा हातात नेऊ नका. उद्या समितीला काय सांगायचं ते सांगा, मी काही म्हणत नाही. उठा आता, ताई. जा तुम्ही. जाताना दार लावून घ्या.