आईच्या मानेसाठी

गाद्या-उशांच्या दुकानात बिलाच्या रांगेत एक नर्सबाई नवी चादर घेऊन ताटकळल्या होत्या. पुढचं जोडपं मेमरी फोमची उशी अशी दाबून बघत होतं, जणू तिच्याकडून गुन्हाच कबूल करून घ्यायचाय.

“आईसाठी घेतोय. किमतीचं बघू नका, सगळ्यात भारी दाखवा,” नवरा विक्रेत्याला म्हणाला.

“कुशीवर झोपतात की पाठीवर?”

“पाठीवर. हो ना गं?”

“मला काय विचारता? आई तुमच्या!”

“थांब, फोनच लावतो. स्पीकरवर टाकतो... आई, तू झोपतेस कशी गं? तुला उशी घेतोय. डोक्याचा आकार लक्षात ठेवते म्हणे!”

“कशी म्हणजे? हॉलमधला तुमचा टीव्ही बंद झाला की तिथेच सोफ्यावर अंग टाकते. तोवर खुर्चीत बसून डुलक्या घेते.”

“बघा! म्हणूनच मान अवघडते त्यांची,” बायको म्हणाली. “उशी हवीच.”

“बरं आई, ठेवतो.”

नवऱ्याने फोन खिशात टाकला. उशी पुन्हा एकदा दाबली. मग विक्रेत्याकडे वळून अगदी काळजीने विचारलं,

“कान झाकतील अशी एखादी आहे का हो?”