रामभाऊंचं निमुळतं वावर

तुम्ही मला चांगला मास्तर म्हणता, पण मला शिकवता येत होतं का, ही शंका अजून जात नाही. महाराष्ट्र नुकताच झाला होता. मुंबईत चित्रकला शिकून मी डोणगावच्या शाळेत लागलो आणि चौथीला सांगितलं, "जवळचं मोठं काढा, दूरचं लहान." वत्सलाने आपलं वावर तसंच काढलं, दूर निमुळतं होत गेलेलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील, रामभाऊ, शाळेत हजर.

"मास्तर, पोरीचं नाव काढून टाका. आमचं वावर चौकोनी हाये. चुलतभाऊ तिकडून धुरा कोरून आमच्या वावरात घुसून राह्यला, त्याच्यासंग भांडन चालू हाये. अन् माही पोरगीच कागदावर दाखोते, का वावर तिकडं कमी हाये म्हनून?"

मी घाबरून त्यांना रस्त्यावर नेलं. "बघा, रस्ता पुढे अरुंद दिसतो. तरी बैलगाडी जातेच ना?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "हाव. बारीक दिसते खरं."

"मग वत्सलाला शाळेत ठेवाल ना?"

"ठेवतो. पन आता तिले चुलतभावाचं वावर काढाले लावा. जितक्या दुरून जमन, तितक्या दुरून."