प्लास्टर निघायच्या आधी

दवाखान्यात हाताचं प्लास्टर काढून घ्यायला आलेली धाकटी बहीण थोरलीशी बोलत होती. मी मागच्याच बाकावर होतो.

"ताई, यांचा बाप्तिस्मा झाल्यापासून घरात कुणीतरी दुसरंच वावरतंय."

"दारू सुटली, हात उगारणं सुटलं. मग आता तुला भीती कशाची?"

"परवा माझ्या हातून काचेचं भांडं फुटलं. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. तर हे खाली बसून गुणगुणत काचा वेचायला लागले."

"बरंच की."

"आमचा कुत्रा आता यांच्यावर भुंकतो. हे म्हणतात, भुंकू दे, त्याच्या ओळखीचा माणूस बाप्तिस्म्याच्या पाण्यात मेला."

"चर्चमधले पाळकही तेच सांगतात ना? ख्रिस्तात माणूस नवा होतो."

"हो. पण माझा हात मोडणाऱ्याला मी ओळखत होते गं. दार कसं लोटलं त्यावरून पुढचं कळायचं. यांचं काहीच कळत नाही."

"गप्प, आले बघ."

नवरा पाण्याची बाटली घेऊन आला होता.

"ताई, इथून हिला तुमच्याकडेच न्या."

"अहो, पण आता तुम्ही सुधारलात ना?"

"मला देवानं क्षमा केली, ती कृपा. हिनंही करावी असा माझा हक्क नाही. भीती गेली तर येईल. नाही आली तरी मी असाच राहीन."

बाटली ठेवून तो निघून गेला.

"बघितलंस, ताई?"

"बघितलं."

"कोण आहेत ते?"

"मला नाही सांगता येत, बाई. तुझ्या लग्नात मी ज्याला ओवाळलं, तो हा नव्हे."