मोठ्या बाबांच्या दंडावरचा सेन्सर

मोठी माणसं कामाची गोष्ट वेळेवर सांगत नाहीत, हे मी उगाच म्हणत नाही.

आम्ही कॉलेजात साखर मोजणारा सेन्सर बनवतोय. दंडावर चिकटवला की आकडा मोबाइलवर येतो. सोमवारी तो परीक्षकांना दाखवायचा होता, म्हणून मी आंधळगावला घरी जाऊन मधुमेही मोठ्या बाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या, डाव्या दंडावर लावला.

तीन दिवस दुपारच्या जेवणानंतर मोबाइल बोंबलला, साखर घसरली! तिन्ही दिवस मी त्यांना झोपेतून उठवून साखरपाणी पाजलं. चौथ्या दिवशी तो बोंबलल्यावर आधी बोटातून रक्त काढून तपासलं, तर साखर दोनशेच्या वर. म्हणजे आमचा सेन्सरच खोटा. वर्षाची मेहनत गेली म्हणून मला रडू फुटलं.

मोठे बाबा म्हणाले, "जेवल्यावर मी डाव्या कुशीवर झोपतो, पोरी. तुयं यंत्र दबत असन."

खरंच होतं. दाब पडला की आकडा खोटा खाली जातो. उजव्या दंडावर लावला आणि मोबाइल गप्प झाला.

"मंग पहिल्याच दिवशी सांगतलं काहून नाही?" मी ओरडले.

"दहा वर्षांनी या घरात कोणी मले साखर पाजून राहिलं होतं. मी कायले सांगू?"