उतारावरची तक्रार

माझी स्कूटर धुऊन मिळेपर्यंत मी सर्व्हिस सेंटरच्या बाकावर बसलो होतो. काउंटरपाशी रोपवाटिकेच्या मालकीणबाई उभ्या होत्या. समोरचा माणूस त्यांच्या पिकअपची किल्ली पुढे करत होता आणि त्या ती घेत नव्हत्या.

"घ्या ताई. तपासणी झाली, दोष काही सापडला नाही."

"अहो दादा, हँडब्रेक ओढलेला असतो, तरी गाडी मागे सरकते."

"आम्ही दिवसभर उभी करून पाहिली. तसूभर हलली नाही."

"कुठे उभी केली होती?"

"आत, फरशीवर."

"सपाट फरशीवर आमच्या सासूबाईसुद्धा हलत नाहीत. आमचं फाटक उतारावर आहे!"

"अशी तक्रार फक्त तुमचीच आहे हो."

"आमच्या दूधवाल्याचीही पिकअप सरकते म्हणे."

"त्यांनाही आम्ही हेच सांगितलं."

"दादा, आमचे हे गाडीमागे उभे राहून कुंड्या उतरवतात. परवा गाडी आणि फाटक यांच्यामध्ये चिरडता चिरडता वाचले. आज दुपारी पुन्हा उतरवायच्यात."

"उगाच घाबरताय. आमच्या साहेबांनी स्वतः तपासून गाडी सुरक्षित ठरवलीय. ती बघा, बाहेर रॅम्पवर लावलीय."

"दिसतेय. मागच्या चाकाला वीट कोणी लावली?"

"साहेबांनीच."

"मग काढते ती आणि निघते."

"अहो, थांबा, थांबा! साहेब अजून गाडीच्या मागे उभे आहेत!"